उन्हाळ्यात वाळवंट: दोन मित्र, एक तंबू आणि नऊ रात्री

दोघांच्या सुट्ट्या जुळल्या त्या जुलैत. ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी कॅलेंडरकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. जुलैत झायन? डेथ व्हॅली? आणि तेही तंबूत? माझा मित्र भुसावळचा. त्याचं उत्तर ठरलेलं, "पंचेचाळीस डिग्री आमच्याकडे एप्रिलातच होते. आपल्याला काय उन्हाचं कौतुक!"

चौथ्या दिवशी हाच गडी डोकं धरून गाडीच्या सावलीत बसला होता, ते पुढे येईलच. पण सहल झाली, आणि छान झाली. अमेरिकेच्या नैऋत्येतली वाळवंटी राष्ट्रीय उद्यानं भर उन्हाळ्यात तंबूत राहून कशी करायची, ते इथे क्रमाने लिहितो. हिशेब लास व्हेगासला उतरून भाड्याच्या गाडीने फिरणाऱ्या दोघांचा आहे.

आधी नकाशावरची उंची बघा

बहुतेक जण मैल मोजून मार्ग आखतात. उन्हाळ्यात मैल दुय्यम. प्रत्येक मुक्कामाची समुद्रसपाटीपासूनची उंची कागदावर लिहून काढा. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन-अडीच अंश सेल्सियसने उतरतं. महाबळेश्वरला आपण ज्या कारणाने जातो तेच कारण, फक्त इथे उतार-चढाव फार मोठे. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, तर नेवाडातल्या ग्रेट बेसिनचं व्हीलर पीक कॅम्पग्राउंड ९,८८६ फुटांवर. एकीकडे रात्री दोन वाजताही हवा भट्टीतून आल्यासारखी लागते, दुसरीकडे त्याच रात्री कानटोपी लागते.

म्हणून आमचा एकच नियम होता: झोपायचं उंचावर, खालचं बघायचं पहाटे. पुढची सगळी आखणी त्यातूनच निघाली.

मार्ग

पहिली रात्र लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलात, खरेदीसाठी. दुसरी झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडवर. अंतर साधारण १६० मैल, उंची सुमारे ३,९०० फूट. या सहलीतला हाच एक गरम मुक्काम, म्हणून एकच रात्र. तिसरी-चौथी ब्राइस कॅन्यनला, ८,००० फुटांच्या वर. तिथून हायवे १२ ने सुमारे १२० मैलांवर कॅपिटल रीफ, ५,५०० फूट, तिथे पाचवी-सहावी. मग सॅलायना, डेल्टा करत ग्रेट बेसिन, सातवी-आठवी. शेवटी इली आणि टोनोपावरून खाली बीटी गावात मोटेल, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डेथ व्हॅली करून लास व्हेगास.

मोआबकडची आर्चेस आणि कॅन्यनलँड्स मुद्दाम गाळली. डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन तीन मैल आहे आणि वाटेत सावली म्हणाल तर स्वतःचीच. ती दोन्ही ऑक्टोबरसाठी ठेवा.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो. युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं. व्हेगासहून झायनला जाताना एक तास हातातून जातो, ग्रेट बेसिनला येताना परत मिळतो. आम्ही ग्रेट बेसिनमधल्या लेमन गुहेच्या दारात बरोबर एक तास आधी जाऊन उभे होतो आणि "इथे कोणी कसं नाही" म्हणून एकमेकांकडे बघत होतो. उलट्या दिशेने हीच चूक झाली तर फेरी चुकते. बुकिंग लिहून ठेवताना शेजारी "युटा वेळ" की "नेवाडा वेळ" तेही लिहा.

बुकिंग आणि पास

झायनचं वॉचमन सहा महिने आधी खुलतं आणि लगेच भरतं. म्हणजे जुलैसाठी जानेवारीत, सकाळी, कॉम्प्युटरसमोर बसून. तत्काळ तिकिटाची सवय असलेल्यांना हे जमेल. कॅपिटल रीफच्या फ्रूटा कॅम्पग्राउंडला ७१ जागा आहेत, तीही आधीच घ्या. लेमन गुहेची फेरीही आधी राखून ठेवावी लागते. दारात जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर तीनशे मैल गाडी हाकू नका.

वार्षिक पास घेतलात तर एका पासावर गाडीतले सगळे आत जातात, तेव्हा दोघांत एकच पुरे. तो ८० डॉलरचा. मात्र २०२६ पासून ही किंमत अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. बाहेरून येणाऱ्यांचा पास २५० डॉलरचा झाला आहे. भारतातून भाऊ किंवा मित्र येणार असेल तर पास कोणाच्या नावाने घ्यायचा आणि नियम काय, हे निघण्याआधी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. काही ठिकाणी फाटकावर रोख घेत नाहीत, कार्ड जवळ असू द्या. ग्रेट बेसिनला प्रवेशशुल्कच नाही.

तारखा ठरवताना स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा आणि अमावास्या बघा. ग्रेट बेसिन आणि डेथ व्हॅली या दोन्ही ठिकाणचं आकाश अंधारासाठी नावाजलेलं आहे, आणि पौर्णिमेला तिथे जाणं म्हणजे रत्नागिरीला जाऊन पेरू खाणं.

गाडी

भाड्याची गाडी कच्च्या रस्त्यावर न्यायला करारात बहुधा मनाई असते, तेव्हा मार्ग पूर्ण डांबरी ठेवा. गाडी ताब्यात घेताना टायर बघा, सुट्या टायरचा डबा उघडून बघा. आमच्या गाडीत स्टेपनी नव्हतीच, त्या जागी पंप आणि पंक्चरच्या द्रावणाची बाटली होती. काउंटरवर वाद घालून गाडी बदलून घेतली. त्यात पाऊण तास गेला, पण पुढे सुखाने झोप लागली.

पेट्रोल, म्हणजे इथल्या भाषेतला गॅस, अर्ध्यावर आला की भरायचा. डेल्टा सोडल्यावर नेवाडाच्या सीमेपर्यंत जवळपास काहीच नाही. इली ते टोनोपा १६८ मैल, मध्ये एकही पंप नाही. मोठ्या चढावर इंजिनाचा काटा वर सरकायला लागला की एसी बंद करून खिडक्या उघडायच्या. डेथ व्हॅलीच्या घाटात तशा पाट्याच लावलेल्या आहेत.

गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं. हे दोघांनी आधी एकमेकांकडून वदवून घ्या. मदत शोधायला चालत गेलेला माणूस सापडत नाही, गाडी सापडते. फोनला रेंज बऱ्याच पट्ट्यात नसते, म्हणून नकाशे आणि उद्यान सेवेचं अॅप घरूनच उतरवून घ्या. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये उपग्रहावरून आणीबाणीचा निरोप पाठवता येतो. तो कसा पाठवायचा ते घरच्या अंगणात एकदा करून बघा, त्यासाठी फोनमध्येच सरावाची सोय आहे.

पाणी आणि मीठ

माणशी दिवसाला चार लिटर हा किमान आकडा, चालणार असाल तर जास्त. गाडीत दोघांत मिळून कायम वीस लिटर ठेवत होतो, आणि ते पाणी "राखीव". रोजचं नळावर भरायचं.

भुसावळकरांची गोष्ट इथलीच. ब्राइसला नवाहो लूप नावाच्या पायवाटेने खाली उतरलो सकाळी नऊला. हवा गार, त्यामुळे हा पाणी पिईना. तहानच नाही म्हणे. वाळवंटाची हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळायच्या आत उडून जातो. शर्ट कोरडा, माणूस सुकतोय. वर आलो तेव्हा त्याच्या काळ्या टी-शर्टवर पाठीला पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटल्या होत्या, आगरातल्यासारख्या. मग डोकं, मळमळ, सावली. खिशात कांदा मात्र होता. भुसावळची आई बजावून सांगते ना, उन्हात जाताना खिशात कांदा ठेव म्हणून. तो कांदा संध्याकाळी पोह्यांत घातला.

भुसावळच्या उन्हात आणि या उन्हात फरक एवढाच, की तिथे बारा ते चार शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. ऊन सहन करायची ताकद म्हणजे अर्धी वेळेची शिस्त असते, हे त्यालाही तेव्हा पटलं.

नुसतं पाणी ढोसत राहिलात तर अंगातलं मीठ आणखी पातळ होतं, तेही वाईट. घरगुती जलसंजीवनीचं माप पाठ करा: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. आम्ही त्यात लिंबू पिळायचो. सोबत शेंगदाणे, खारवलेली आवळ्याची सुपारी, लोणचं. ऊन लागल्यावर दुकानातल्या गोड बारकडे बघवत नाही, पण लिंबाच्या लोणच्याची फोड जिभेवर ठेवली की माणूस उठून बसतो.

दुसरी युक्ती माठाची. सुती पंचा ओला करून मानेवर टाकायचा, पाण्याच्या बाटलीला ओला मोजा घालून खिडकीजवळ वाऱ्यावर ठेवायची. कोरड्या हवेत दोन्ही भराभर गार होतात. मुंबईच्या दमट हवेत याचा काही उपयोग नाही, इथे मात्र जादू वाटावी इतका आहे.

चूल

गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत. ते आणि स्वस्तातला एक शेगडीचा स्टोव्ह व्हेगासलाच घ्या. उन्हाळ्यात शेकोटीवर अनेकदा बंदी असते, खटक्याने बंद होणारा स्टोव्ह बहुधा चालतो. फलकावर वाचून घ्या.

जे सामान खरोखर उपयोगी पडलं ते सांगतो. दोन लिटरचा प्रेशर कुकर. लोक हसतात, हसू द्या. दहा हजार फुटांच्या आसपास पाणी नव्वद अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवलीत तरी दाताखाली टचटच करते. ग्रेट बेसिनला शेजारच्या तंबूतलं जोडपं त्यांचा भात बघून वैतागलं होतं, तेव्हा आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि अख्खं कॅम्पग्राउंड वळून बघायला लागलं.

त्याशिवाय भाजणी, जाडे पोहे, मेतकूट, सातूचं पीठ, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळ. सातू गार पाण्यात कालवून दुपारी प्यायचं, चूल पेटवायलाच नको. बर्फाच्या पेटीत बारीक बर्फ टाकू नका, आदल्या रात्री मोटेलच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवा. वितळल्या की पिता येतात आणि पेटीत चिखल होत नाही. खाणं रात्री गाडीत, काचा बंद करून. खारी आणि कावळे दोघेही चेन उघडण्यात पटाईत असतात.

तंबू आणि झोप

तंबू जाळीच्या भिंतींचा हवा. गरम मुक्कामी वरचं आवरण काढून ठेवायचं. वारा संध्याकाळी अचानक सुटतो. भुसभुशीत मातीत नेहमीच्या खुंट्या लोण्यातल्या सुरीसारख्या निघून येतात, म्हणून दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा, नाहीतर पिशव्यांत वाळू भरून त्यांना बांधा. आधी जड सामान तंबूत, मग खांब उभे. झायनला आम्ही उलट केलं आणि तंबू घेऊन दोन जागा पलीकडे पळत गेलो.

झायनला पांघरूण म्हणून सुती चादर पुरते. ब्राइसला रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि ग्रेट बेसिनला त्याहून कमी, तेव्हा झोपायची जाड पिशवी न्यायलाच हवी. मी वर आजीची गोधडी नेली होती. वजनाला जड, पण पहाटे चार वाजता त्या गोधडीवरून झालेली ओढाताण ही या सहलीतली एकमेव भांडाभांडी. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. विंचू आम्हाला एकदाही दिसला नाही, पण सवय सोडली नाही.

दिवस कसा घालवायचा

चारला उठणं, साडेचारला चहा, पाचला पायवाट, दहाला परत. दहा ते पाच हा वेळ गाडी चालवण्याचा, गुहेचा, माहिती केंद्रातल्या फिल्मचा किंवा झाडाखालच्या झोपेचा. संध्याकाळी पुन्हा दोन तास. डेथ व्हॅलीत सखल भागात दहानंतर चालू नका असं उद्यानवालेच सांगतात. आम्ही तो नियम सगळीकडे लावला.

झायनला त्यामुळे पहिल्या शटलला उभं राहिलो. घळीतल्या रस्त्यावर उन्हाळ्यात खासगी गाड्या जाऊ देत नाहीत. शेवटच्या थांब्यावरून नदीकाठची वाट एक मैलाची, आणि ती संपते तिथून नॅरोज सुरू होतं, म्हणजे पायवाट संपून नदीच वाट होते. पाणी गुडघ्यापर्यंत, भिंती आकाशापर्यंत. काठी घ्या, चप्पल नको, पावलं झाकणारे बूट घ्या. पाण्यात डोकं बुडवू नका आणि ते पिऊ तर नकाच. २०२० पासून त्या नदीत विषारी शेवाळाचा प्रश्न आहे.

कॅपिटल रीफबद्दल लोक कमी बोलतात, मला तेच सगळ्यांत आवडलं. लाल कड्यांच्या मध्ये फ्रूटा नावाची वस्ती होती, १८८० च्या दशकात मॉर्मन शेतकऱ्यांनी वसवलेली. माणसं गेली, फळबागा राहिल्या, आणि उद्यान सेवा त्या अजून राखते. कॅम्पग्राउंड बागेला लागूनच. जूनमध्ये चेरी, जूनअखेर ते जुलैमध्यात जर्दाळू, ऑगस्टमध्ये पीच. बाग तोडणीसाठी खुली असल्याची पाटी दिसली की आत जायचं, शिडी आणि फळं काढायची झेली तिथेच ठेवलेली असते. झाडाखाली उभं राहून खाल तेवढं फुकट, बरोबर न्यायचं असेल तर वजन करून पैसे पेटीत टाकायचे. आम्हाला जर्दाळू मिळाले, उन्हाने कोमट झालेले. मित्राने पहिला चावा घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाडाचा आहे." त्याच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. वसंतात थंडीची लाट आली तर बहर गळतो, तेव्हा निघण्याआधी त्या वर्षी फळ आहे का ते तपासा. तिथल्या गिफोर्ड घरात फळं भरून भाजलेले 'पाय' (pie) मिळतात, ते सकाळीच घ्या, संपतात. हिकमन ब्रिजची छोटी वाट सूर्य वर येण्याआधी उरकून टाका. आणि वाट सोडून काळपट, खडबडीत मातीच्या पापुद्र्यावर पाय देऊ नका; तो जिवंत असतो आणि भरून यायला वर्षानुवर्षं घेतो.

ग्रेट बेसिनला दोन दिवस द्या. गुहेत बाराही महिने दहा अंश असतात, स्वेटर न्या. आधी दुसऱ्या कुठल्या गुहेत घातलेले बूट-कपडे इथे घालू नका. वटवाघळांच्या रोगामुळे विचारपूस होते. वरच्या अंगाला ब्रिसलकोन पाइनची राई आहे, जाऊन-येऊन सुमारे पावणेतीन मैल. पिळवटलेली, अर्धी मेलेली, हजारो वर्षांची झाडं. इथलंच एक झाड १९६४ साली संशोधनासाठी तोडलं गेलं आणि वलयं मोजल्यावर ते ४,९०० वर्षांच्या आसपासचं निघालं. हात लावायला भीती वाटते. उंचीमुळे धाप लागते, पहिल्या दिवशी फार चढू नका.

तिकडचा वळीव

जुलै ते सप्टेंबर इथेही मान्सून असतो, पण तो आपल्या वळवासारखा वागतो. सकाळ लख्ख, दुपारी तीनला ढग फुगतात, विजा आणि अर्ध्या तासात धुमाकूळ. खडकाळ जमीन पाणी शोषत नाही, सगळं घळींत येतं. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना वीस मैलांवरच्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल घळीत असेच सात जण वाहून गेले. म्हणून अरुंद घळीत शिरण्याआधी माहिती केंद्रातला त्या दिवसाचा पुराचा अंदाज बघा. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, गडगड ऐकू आली की विचार करत न बसता उंचावर चढा. तंबू कोरड्या ओढ्यात कधीच लावू नका, कितीही सपाट आणि मऊ दिसला तरी. रस्त्यावर पाणी असेल तर थांबा, बहुतेक वेळा तासाभरात ओसरतं. आणि उघड्या शिखरावरून दुपारच्या आत खाली या.

दोघांचे करार

निघण्याआधी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. दर दोन तासांनी ड्रायव्हर बदल. खर्च एकाने करायचा आणि रोज रात्री वहीत लिहायचा. आणि कुणीही एकाने "परत फिरू" म्हटलं की कारण न विचारता फिरायचं.

ब्राइसनंतर चौथी गोष्ट आली: सतराचा पाढा. उन्हाने माणूस नुसता थकला असेल तर डोकं दुखतं, पायात गोळे येतात, पण तो शुद्धीवर बोलतो. बोलणं बरळल्यासारखं झालं, साध्या प्रश्नाला उत्तर येईना, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात. तेव्हा ९११, आणि मदत येईपर्यंत सावली किंवा एसी, अंगावर पाणी, वारा. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हे ओळखायला आम्ही चालताना मध्येच एकमेकांना पाढा विचारायचो. त्याचा सतरा नव्वे मुळातच कच्चा असल्याने दोनदा उगाच धावपळ झाली. तुम्ही बाराचा घ्या.

शेवटी डेथ व्हॅली

इथे तंबू लावू नका. फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस नोंदलं गेलं, तो जगातला विक्रम आहे. हवा खूप तापली की ती विरळ होते आणि हेलिकॉप्टरलाही उडता येत नाही. जुलै २०२४ मध्ये याच कारणाने बचावाचं हेलिकॉप्टर येऊ शकलं नव्हतं. उंचावरच्या महोगनी फ्लॅटवर, ८,००० फुटांच्या वर, झोपता येतं, पण तिथे पाणी नाही आणि शेवटचा रस्ता भाड्याच्या छोट्या गाडीचा नाही. म्हणून बीटीचं मोटेल, एसी आणि टाकीभर पेट्रोल. पुरामुळे इथले रस्ते बंद पडत असतात, आदल्या रात्री तपासा.

आम्ही पावणेचारला निघालो. झॅब्रिस्की पॉइंटला उजाडलं, पिवळ्या मातीच्या घड्यांवर ऊन उतरताना बघितलं, बॅडवॉटरला सातच्या आत पोचलो. गाडी चालू ठेवून एकाने बसायचं, दुसऱ्याने मिठावर दहा मिनिटं चालून यायचं, मग अदलाबदल. पायाखाली मीठ कुरकुरतं, पोह्याचा पापड मोडल्यासारखं. कड्यावर खूप उंच "समुद्रसपाटी" अशी पाटी लावलेली दिसते, ती मान वर करून वाचावी लागते. साडेआठला गाडीच्या काट्यावर बाहेरचं तापमान चव्वेचाळीस होतं. भुसावळकर काच अर्धी खाली करून हात बाहेर धरून बसला, लगेच आत घेतला आणि म्हणाला, "चल, पॅरंपला नाश्ता करू."

व्हेगासला गाडी परत करण्याआधी सार्वजनिक व्हॅक्यूमवर थांबून वाळू काढून घ्या, नाहीतर सफाईचे पैसे लावतात. उरलेले गॅसचे डबे विमानतळाकडे नेऊ नका. आम्ही ते बीटीला शेजारच्या खोलीतल्या, उलट्या दिशेने निघालेल्या पोरांना देऊन टाकले, आणि वर अर्धी बरणी लोणचं.